कोऱ्या कागदावर अंगठा मागणारी तुझी नात

बारके,

तुला आणि तुझ्या गुडघ्यांना ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत. तिकडे तुम्ही तिघं (म्हणजे तू, उजवा आणि डावा) कसे आहात ते कळवावं. अकरा वर्षं झाली, तुझे गुडघे आपल्याला भेटू देत नाहीत. दर पत्रात येतं की निघालेच होते, पण गुडघा धरला. हे गुडघे नेमके माझ्याकडे यायच्या दिवशीच कसे धरतात आणि विहिणीच्या साठीला, शाळेच्या मेळाव्याला कसे सुटतात, असं मी कधी म्हटलं नाही. आजही म्हणत नाही. फक्त विचारून ठेवते.

पत्र सूनबाई लिहिते आहे. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कामाला आहे, त्यामुळे अक्षर चांगलं आणि सवयी वाईट. मी पाच वाक्यं बोलले की तिचं पेन एक वाक्य लिहून थांबतं. मघाशी वाचून दाखव म्हटलं, तर त्यात 'सदर नात' आणि 'उपरोक्त भिंत' निघालं. मी म्हटलं, बाई, मी बोलते तेवढं आणि तसंच लिही, आपण बारकीचं पाणी तोडत नाही आहोत. मग तिने पहिलं पान फाडलं आणि मला शिकवलं की जे हळू आवाजात बोलायचं असतं ते कंसात घालतात. ही सोय मला फार आवडली. (शेजारी बसलेल्या माणसाबद्दलही बोलता येतं. हे तिनेच लिहिलं आहे बघ, मान खाली घालून.) तरी पत्र पुरं झालं की मी ते तळमजल्यावरच्या टेलर मास्तरांकडून वेगळं वाचून घेणार आहे. दोघांच्या वाचण्यात एका शब्दाचा फरक निघाला तर पाकिटाला डिंक लागणार नाही. मी अशी का झाले ते तुला ठाऊक आहे, आणि नसेल तर पुढे येतंच आहे.

तर मुद्दा तुझी नात.

तुझी नात चित्रकार आहे असं तू मला मोठ्या अभिमानाने कळवलंस, तेव्हा माझा समज झाला की ती चित्रं काढते. तिच्या पहिल्या प्रदर्शनाला मी मुद्दाम गेले होते. (तू नव्हतीस. गुडघे.) एका मोठ्या खोलीत तिने लोकांच्या घरातल्या मोडक्या खुर्च्या मांडल्या होत्या. मी दमले होते, त्यातल्या जरा धड दिसणारीवर बसले. लगेच एक बाई धावत आली की आजी उठा, हे काम आहे. मी म्हटलं, काम आहे तर कुणीतरी करताना दिसू दे की. त्यानंतर म्हणे ती दुसऱ्यांच्या हाताखाली एका दवाखान्याचा जिना रंगवत होती, तोही स्वतःच्या मनाने नाही, तिथे ताटकळत बसलेल्या माणसांना एकेका पायरीचा रंग विचारून. बावन्न पायऱ्या, बावन्न माणसं. त्याबद्दल बक्षीस म्हणून तिला एक दगड मिळाला. खरोखरचा दगड, वर नाव कोरलेला. तो ती माझ्याकडे राहायला येताना घेऊन आली आणि मला दिला. स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटायचं, ते आता आपटत नाही, तेवढं मी त्या कलेचं देणं लागते.

ती आली ती एक पिशवी कपडे आणि चार पिशव्या अडगळ घेऊन. विचारलं, कशासाठी आलीस? तर म्हणाली, 'समुदायाधारित सार्वजनिक कला प्रकल्प'. मी तिला ते तीनदा म्हणायला लावलं. माझा आपला अनुभव असा, की दार रंगवायचं असेल तर माणूस दार रंगवायचं आहे म्हणतो. एवढं लांब नाव लागलं की खाली काहीतरी झाकलेलं असतं. त्यातलं मला कळलं ते इतकंच, की आमच्या इमारतीसमोर पाण्याच्या टाकीची जी लांब भिंत आहे (हरवलेल्या कुत्र्यापासून हरवलेल्या नेत्यापर्यंत सगळ्यांचे कागद जिच्यावर चिकटवतात ती), ती रंगवायचं काम एका संस्थेने तुझ्या नातीला दिलं आहे. इतकी मोठी भिंत तिच्या एकटीच्या नावावर पहिल्यांदाच. अट एकच, इमारतीतली बासष्टच्या बासष्ट घरं कामात सामील व्हायला हवीत, नाहीतर भिंत दुसऱ्या कुणाला जाईल आणि पुन्हा तिला कुणी विचारणार नाही.

पहिले तीन आठवडे तिने ब्रशला हात लावला नाही. नुसती फिरायची. जिन्यात बसायची, घराघरात चहा प्यायची आणि विचारायची की या भिंतीकडे बघून तुम्हाला काय वाटतं. लोकांना काय वाटणार, भिंत वाटते. चौथ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी तिला सांगितलं, मला काही वाटायला वेळ नाही. तर ते तिने वहीत लिहून घेतलं. मग एका दुपारी तिने भिंत टेपने मोजली. इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. कारण गेल्या वर्षी दोन माणसं अशीच टेप घेऊन आली होती, त्यांनी सगळी इमारत मोजली आणि जाताना 'काही नाही, असंच' म्हणून गेली. तेव्हापासून इमारत पाडणार अशी कुजबुज आहे. त्यात आमचा सेक्रेटरी. बारा वर्षांत त्या माणसाने जिन्यातला दिवा बदलला नाही, पण तुझ्या नातीच्या मागे तो स्टूल घेऊन फिरायला लागला. एकदा तर मला बघून हसला. मी घरात येऊन कडी लावली.

आणि मग ती माझ्यासमोर येऊन बसली. हातात शाईचा पॅड, घर नंबरांची यादी आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा. प्रत्येक घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा, तो दाराएवढा मोठा करायचा आणि भिंतीवर रंगवायचा, अशी तिची कल्पना. मला म्हणाली, मोठी आजी, सुरुवात तुझ्यापासून. फक्त अंगठा टेकवायचा.

फक्त. बारके, मला आजवर ज्यांनी ज्यांनी बुडवलं त्या सगळ्यांचा पहिला शब्द 'फक्त' होता.

तुला आठवत असेल, नसेल तर आठवून घे. मी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी राहायला आले होते, तू मॅट्रिकला होतीस. दादा बाहेरून कागद घेऊन आला आणि म्हणाला, घराला विजेचा मीटर घ्यायचा आहे, फक्त अंगठा हवा. मी म्हटलं वाचून दाखव. तो म्हणाला, बारकी वाचेल, तुझा तिच्यावर विश्वास आहे ना. तू वाचलंस. अर्जदार, मीटर, तारा, सगळं नीट वाचलंस. मी डावा अंगठा उठवला. मीटर आजतागायत आला नाही, मात्र चार वर्षांनी दादाने घर विकलं तेव्हा कळलं की माझा हिस्सा मी राजीखुशीने सोडला आहे. मी तुला विचारलं. तू म्हणालीस, ताई, मी वाचला तो मीटरचाच अर्ज होता, दादाने मागाहून कागद बदलला असणार. मी मान हलवली. त्यानंतर तू शिक्षिका झालीस, गावातल्या पिढ्यांना बाराखडी शिकवलीस, आणि मी कुठल्याही कागदाला अंगठा लागू दिला नाही. रेशनवाला असो की बँकवाली, मी दोन्ही अंगठे मुठीत धरून बसते.

म्हणून मी तुझ्या नातीला अंगठा दाखवला. उजवा, असा वर करून, नाचवून. तिला वाटलं गंमत करते आहे. ती हसली. मी नाही हसले.

यानंतर जे झालं त्याचं खापर माझ्यावर फोडतात, पण मी कुणालाही काही सांगितलेलं नाही. गच्चीवर कपडे वाळत घालताना मी फक्त जरा मोठ्याने विचार केला. तो विचार संध्याकाळपर्यंत पहिल्या मजल्यावर पोचला आणि खाली जाताना त्यात बरीच भर पडली. तोवर अकरा अंगठे जमले होते. दुसऱ्या दिवशी त्यातले सात जण आपले अंगठे परत मागायला आले. एका आजोबांनी आपला कागद गॅसवर धरून जाळला आणि राख पुडीत बांधून नेली, उरलेल्या राखेवरून ठसा उठवतील म्हणून. सेक्रेटरीने तिला दिलेलं स्टूल काढून घेतलं. (तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की तो कटात नसावा.) बासष्ट घरांपैकी चार. संस्थेची मुदत संपायला नऊ दिवस. पोरगी जेवायची बंद झाली. ताटात बोटाने रेषा काढत बसायची, आणि त्या रेषाही अंगठ्यासारख्याच गोल गोल. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते.

आता पुढचं ऐकून तू मला बोलशील. पण घर माझं, पलंग माझा, पलंगाखाली ठेवलेल्या पिशवीवर धूळ बसली आहे का हे बघणं माझं कामच आहे. ती सकाळी आंघोळीला गेली होती. पिशवीत एक प्लॅस्टिकची फाइल, फाइलमध्ये मोठाले कागद. पहिल्याच कागदावर ताटाएवढा अंगठा. कडेला गोल गोल रेषा आणि मधून आडवा गेलेला एक पांढरा पट्टा, नांगराने ओढल्यासारखा.

मला अक्षर ओळखता येत नाही. पण स्वतःचा अंगठा येतो. पाटी लपवायला तू पेटी उघडलीस आणि झाकण माझ्या अंगठ्यावर सोडलंस, तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. ती खूण अजून आहे, थंडीत ठणकते. तो पट्टा तोच होता. आणि त्याच्या मागे एक लहानसा, पिवळा पडलेला जुना कागद, चार घड्यांचा. खाली निळसर ठसा, तोच पट्टा, आणि ठशाला चिकटून कुणाची तरी वळणदार सही.

मी कागद पदराखाली घेतला आणि मास्तरांकडे गेले. मास्तर पायजम्याची नाडी ओवत होते, तोंडात टाचण्या. ते टाचण्यांसकट बोलतात, आम्हाला सवय आहे. पण कागद बघून त्यांनी एकेक टाचणी काढून उशीत खोचली, तेव्हाच मी समजले. वरचा मजकूर मला माहीत होताच, हिस्सा, राजीखुशी, भाऊ. शेवटची ओळ माहीत नव्हती. 'वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो समजून मी अंगठा केला आहे. वाचून दाखवणार', आणि खाली तुझं माहेरचं अख्खं नाव. मास्तरांना मी ते पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदाही तेच निघालं.

म्हणजे कागद बदललेला नव्हता, बारके. तू मीटरचा म्हणून वाचलास तो हाच.

मी वर आले तेव्हा तुझी नात केस पुसत उभी होती. कागद तिच्यासमोर धरला. हा कुठला, विचारलं.

"आजीच्या पेटीतला. तळाशी होता. किती सुंदर आहे ना?"

"काय सुंदर आहे?"

"तुझा अंगठा. सगळी भिंत मला त्यावरूनच सुचली."

"आणि वर काय लिहिलंय?"

"वर? मी वाचलंच नाही, मोठी आजी. मी फक्त अंगठा बघितला."

सोळा वर्षं शिकलेली मुलगी. माझ्या घराण्यात मला एकटीला वाचता येत नाही, आणि तो कागद वाचून घेतलेली मी एकटी. म्हटलं, वाच आता. तिने उभ्याने वाचला, केसांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून हात लांब धरून. तुझ्या सहीपाशी पोचली आणि खाली फरशीवरच बसली. मग म्हणाली की मी भिंत सोडते, संस्थेला आजच कळवते, आणि रडायला लागली. तिचं रडं खरं आहे की नाही हे मी बराच वेळ न्याहाळलं. (खोटं रडणारं माणूस नाक पदराला पुसतं, खरं रडणारं हाताला येईल त्याला. तिने सूनबाईच्या कचेरीच्या फाइलला पुसलं.) खात्री पटल्यावर मी म्हटलं, भिंत सोडू नकोस, कागद कोरा सोडू नकोस.

मग आम्ही तिघी बसलो. ठशाच्या वर एक ओळ घालायची ठरली: 'हा अंगठा या भिंतीवर रंगवण्यासाठी दिला आहे, दुसऱ्या कशासाठीही नाही.' सूनबाईने त्यात 'उपरोक्त' घालून बघितलं, आम्ही काढून टाकलं. खाली तुझ्या नातीची सही. ती ओळ मी तीन माणसांकडून तीन वेगळ्या खोल्यांत वाचून घेतली. सूनबाईने स्वयंपाकघरात वाचली, मास्तरांनी दुकानात, आणि सेक्रेटरीने जिन्यात, नोटीस बोर्डाच्या आवाजात. तिन्ही वेळा तेच निघालं. मग मी जिन्यातच, सगळ्यांच्या देखत, डावा अंगठा शाईत बुडवला. पहिला ठसा फिसकटला. दुसरा नीट आला, पट्ट्यासकट. आणि गच्चीवर जाऊन पुन्हा एकदा मोठ्याने विचार केला.

चार दिवसांत बासष्ट अंगठे झाले. जाळणारे आजोबा दोन्ही हातांचे द्यायला आले होते. आता समोर बांबूची परांची आहे आणि तुझी नात सकाळपासून तिच्यावर लटकलेली असते, कानाला रंग, भुवईला रंग. खालच्या अर्ध्या अंगठ्यांच्या रेषा लोकांनी स्वतःच्या स्वतः भरल्या. नर्सबाईंना वेळ नव्हता, त्या ड्यूटीवरून येताना रोज तीन रेषा भरून वर जायच्या. सगळे आपापल्या अंगठ्यासमोर उभे राहून दुसऱ्यांचे कसे वाकडे आलेत ते सांगतात. सेक्रेटरीचा नेमका कचऱ्याच्या डब्याच्या मागे आला आहे. पोरगी म्हणते योगायोग. मला ती आता आवडायला लागली आहे. संस्थेचे साहेब येऊन बघून गेले, जाताना इकडेतिकडे बघत स्वतःचा अंगठा भिंतीला लावून बघितला. काम पसंत आहे. माझा अंगठा टाकीच्या कोपऱ्यापाशी आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. भाजी चिरताना तो माझ्याकडे बघतो आणि मी त्याच्याकडे. दोघांचाही एकमेकांवर अजून पुरता विश्वास बसलेला नाही.

तुझ्यावर मी रागावले आहे का, हे तुला जाणून घ्यायचं असेल. ते पत्रातून कळत नाही.

खाली निळा डाग पडला आहे तो पुसू नकोस, ती मी आहे.

तुझी,
ताई

ता. क. तुझी नात पुन्हा जेवायला लागली आहे. काळजी नसावी. दगड मी परत देणार नाही.

ता. क. दुसरा. माझ्या अंगठ्याच्या उजवीकडे एका दाराएवढी जागा रिकामी आहे. भिंत तिथे ओली आहे, रंग धरणार नाही, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. परांची पुढच्या रविवारी उतरणार. तिथे सही चालत नाही. तुझी कितीही वळणदार असली तरी. डावा अंगठा लागतो आणि तो पोस्टाने पाठवता येत नाही, मी विचारलं.

ता. क. तिसरा. अक्षर बदललं आहे, घाबरू नकोस. सूनबाई कचेरीत गेली. मास्तर लिहीत आहेत. त्यांना मापं लिहायची सवय. म्हणून वाक्यं आखूड येतील. सूनबाईचं वाचून घेतलं. फरक नाही.

मीटरचा अर्ज वाचताना तू तीनदा नाक ओढलंस. मीटरसाठी कुणी रडत नाही. मला तेव्हाच कळलं.

दादा आदल्या दिवशी माझ्याशी बोलला होता. घर नावावर झालं नाही तर बारकीला मॅट्रिकला बसू देणार नाही, म्हणाला. लग्न लावून मोकळा होणार होता. तुला तो काय म्हणाला ते मी विचारलं नाही. तू वाचत होतीस. मी ऐकत होते. मी अंगठा केला. तू पास झालीस.

कागद बदलला असणार म्हणालीस, तेव्हा मान हलवली. तुला बरं वाटावं म्हणून. तुला काही बरं वाटलेलं दिसत नाही.

अंगठा दिला म्हणतात. तो माझ्याच हाताला राहिला.

भिंत ओली नाही. रस्त्यापासून भिंतीपर्यंत एकही पायरी नाही. मास्तरांनी जाऊन बघितलं. रविवारच्या आत ये. गुडघे आणलेस तरी चालतील.